जड पाणी

अंबडच्या लॅबमध्ये दिवसभर
मी चुन्याचा शत्रू असतो.
कारखान्यांतून बाटल्या येतात – बोअरच्या, टँकरच्या,
बॉयलरच्या पोटातल्या,
झाकणावर मार्करने तारीख, खाली कुणाची घाईची सही.
पाणी जड असलं की नळ्यांत खवले धरतात.
गांगुर्डे ते छिन्नीनं खरवडतो
आणि एखादा जाड तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवतो,
मांजरानं उंदीर आणून ठेवावा तसा.

मी थेंब सोडतो.
चंचुपात्रात लाल, दिंडोरी रोडच्या वाइनसारखं लाल,
अजून एक थेंब, अजून अर्धा,
आणि एकदम निळं.
त्या निळ्याचा मला पगार मिळतो.
रिपोर्टात लिहितो : कॅल्शियम काढा, मॅग्नेशियम काढा.

संध्याकाळी सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
याच दोघांना मी दार उघडून घरात घेतो.
साडेतीन फुटांची काच. आतला समुद्र
कसारा घाट चढून आला तो बादलीतून, कोरडा.
धरणाचं पाणी आधी गाळून गाळून बेचव करायचं,
मग त्यात समुद्र ढवळायचा.
वृंदा म्हणते, तिकडे काढतोस, इकडे घालतोस,
मधल्यामध्ये दुकान तरी टाक.

प्रवाळ काही बोलत नाही.
तो पाण्यातून चुना उचलतो आणि स्वतःखाली ठेवतो,
महिन्याला नखाएवढं घर.

गेल्या पौषात, ओझरकडून बोचरं वारं येत होतं तेव्हा,
कॅल्शियम तीनशे चाळीसवर उतरलं.
मला चारशे वीस हवं होतं.
रोज घातलं. रोज मोजलं.
आकडा तिथेच, उधारी मागितल्यावर गप्प बसणाऱ्यासारखा.
मग एका रात्री चिडून मी दुप्पट घातलं,
क्षाराचा डोसही लगेच, त्याच मिनिटाला.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं.
हीटरवर पांढरी साय. पंप घरघरला.
सगळ्यात उंच फांदी सकाळपर्यंत उघडी, हाडासारखी.

बावीस वर्षं दोघांना मोजतोय मी,
आणि घरी एकालाच मोजत होतो.
मॅग्नेशियम : एक हजार पन्नास.

सिन्नरला आजोळी
दोन मामांच्या मध्ये जेवायला मनोहरकाका बसायचे.
नात्यानं कुणाचेच नव्हते.
वरण इकडे सरकव, मीठ तिकडे, मध्येच काहीतरी फालतू विचार,
बाजरी कशी आली, बसचं तिकीट वाढलं का.
त्यांचं बोलणं कुणाला आठवत नाही.
ते गेले, आणि सहा महिन्यांत
अंगणात भिंत उभी राहिली,
चुन्याचा गिलावा केलेली, अगदी पांढरीस्वच्छ.

मॅग्नेशियम तसं असतं, एवढंच मला म्हणायचं आहे.
ते प्रवाळाला फारसं लागत नाही.
ते फक्त मध्ये बसतं,
आणि चुना पाण्यातच राहतो, दगड व्हायची घाई करत नाही.

आठवडाभर कॅल्शियमला हात लावला नाही.
मॅग्नेशियम दिवसाला पन्नास, त्याहून एक थेंब जास्त नाही,
वहीत आकडे, शेजारी वेळ,
शनिवारी वीज गेली त्याची पण नोंद.
तेराशे झाल्यावर कॅल्शियम थोडं घातलं, सकाळी.
रात्री मोजलं. होतं.
दुसऱ्या दिवशीही होतं.
कुणाला सांगावं इतकी मोठी गोष्ट नव्हती ती,
तरी मी गांगुर्डेला सांगितली.
तो म्हणाला, साहेब, म्हणजे घरी तुम्ही खवले पाळता.

मेलेली फांदी मी खिडकीत ठेवली आहे.
शेजारी त्यानं दिलेला बॉयलरचा तुकडा.
काल धूळ पुसताना वृंदानं दोन्ही उचलले,
म्हणाली, यातलं टाकायचं कुठलं?

मी चष्मा शोधायला गेलो.