हातचा

जहाजाने तीन टॅब्लेट आणले, ऑक्टोबरात,
समुद्र गोठायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला.
एकाची काच वाटेतच तडकलेली.
वर्गात मुलं नऊ. इयत्ता म्हणाल तर पाच.
मास्तर मी एकटा.

आधी गणिताचा गेम उघडला.
उत्तर बरोबर आलं की मासा शेपूट हलवतो,
चुकलं की फुगतो आणि फाटकन फुटतो.
आठवडाभर अख्खा वर्ग चुकत राहिला.
बेरजा येत नव्हत्या असं नाही;
फुटणारा मासा कुणाला नको असतो?
मी टॅब्लेट कपाटात ठेवले, किल्ली खिशात.

ती किल्ली पिपालुकने मागितली.
"एक ॲप आहे, सर. नुसते फोटो काढतं.
काढायचा, थोडं हलवायचं, पुन्हा काढायचा."
मातीचा कुत्रा. मातीचा शिकारी.
कापसाचं बर्फ.
बाहेर खरं एवढं पडलंय, कापूस कशाला, मी विचारलं.
"खरं वितळतं," ती म्हणाली, माझी कीव करत.

बारा फोटो म्हणजे एक सेकंद.
कुत्र्याचं एक पाऊल म्हणजे सोमवारची सगळी दुपार.
माती गारठून चिरायची,
मग कुणीतरी कुत्रा काखेत धरून बसायचं.

आपुत्सिआक, जो बाकावर पाच मिनिटं टिकत नाही,
ज्याच्या बेरजेत दर वेळी हातचा राहून जातो
(सात नि आठ पंधरा, पाच लिहिले,
आणि एक? एक खिडकीबाहेर गेलेला असतो),
तो टॅब्लेटमागे बसला आणि दगड झाला.
बापाबरोबर बर्फातल्या भोकाशी बसलाय तो,
सील श्वास घ्यायला वर येईपर्यंत.
"हलू नका," कुजबुजायचा. "खोकू नका."
आणि सव्वीस वर्षं मास्तरकी केलेला मी
खोकला गिळायचो.

फेब्रुवारीत एका दुपारी सूर्य परत आला,
अडीच महिन्यांनी, डोंगरामागून जेमतेम बोटभर.
मुलं जॅकेट न घालताच बाहेर धावली.
फोटोत ते नंतर दिसलं:
दोनशे नव्वदपर्यंत नुसती ट्यूबलाइट,
दोनशे एक्याण्णवला शिकाऱ्याला अचानक लांब सावली.

त्याच आठवड्यात पिपालुक गेली.
आईला नूकच्या हॉस्पिटलात काम मिळालं.
वारा पडून हेलिकॉप्टर यायला तीन दिवस लागले,
तीन दिवस ती निरोप घेऊन जायची
आणि सकाळी पुन्हा वर्गात हजर,
कुत्र्याचा पाय पुढे सरकवायला.
चौथ्या दिवशी आली नाही.

सिनेमा झाला चाळीस सेकंदांचा.
चारशे ऐंशी फोटो मी तपासायला घेतले, सवयीने,
आणि तीनशे बाराव्यात हात.
कुत्र्यावरून उचलायचा राहून गेलेला,
नखं कुरतडलेली,
मनगटाशी उसवलेल्या हातमोज्याचा निळा धागा.
चूक ती चूक. माझं बोट
कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर गेलंसुद्धा.

"सर," मागून आपुत्सिआक.
"तो हातचा आहे."
मी वळून पाहिलं. हसत नव्हता.
"हातचा सोडायचा नसतो. तुम्हीच सांगता."

रविवारी दुकानामागच्या हॉलमध्ये, चादरीवर,
गावाने सिनेमा पाहिला. चौसष्ट माणसं, कॉफी, केक.
कुणालाच काही दिसलं नाही.
सेकंदाचा बारावा भाग तो, पापणी लवली की गेला.
फक्त पहिल्या रांगेतल्या आठ जणांनी
एकदम श्वास रोखला
आणि एकदम सोडला.

सोमवारी चाचणी.
सत्तावीस नि अडतीस:
आपुत्सिआकने लिहिलं, पंचावन्न.
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
ते बराच वेळ तसंच हातात राहिलं.
मग अर्धा मार्क कापला.
अर्धा ठेवला.