थॉर्नवेल, अठ्ठेचाळीस बाय तीस

ऑर्डर आली दोनशे नगांची,
विलायतेतल्या कुठल्याशा बंदरगावाहून, मुंबईच्या दलालामार्फत.
सोबत पोस्टकार्डाएवढा धुरकट फोटो
आणि टाइप केलेलं एक पान : जहाजाची नोकरी.

जहाजालाही नोकरी असते हे मला तेव्हा कळलं.
भरती, बदल्या, दुरुस्तीची रजा,
माल्टाला तीन महिने आजारी,
एडनला रंगरंगोटी, मग मालबोटींच्या ताफ्यांची राखण,
एका रात्री सतरा जणांना पाण्यातून उचलल्याबद्दल शाबासकी.
आणि शेवटी :
जानेवारी बेचाळीस. टॉर्पेडो. अकरा मिनिटं.

अकरा मिनिटांत आमच्याकडे
चहा उकळून, पिऊन, कप विसळून होतो.

खाली साहेबांची नावं, हुद्द्यांसकट.
त्याखाली अर्धी ओळ :
व एकतीस हिंदी भट्टीवाले.

त्या एकतिसातला एक नागय्या चिलवेरी,
माझ्या वडिलांचा थोरला भाऊ.
जुन्या मिलच्या बॉयलरवर कोळसा ओढायचा.
आग सांभाळणारा माणूस पाहिजे म्हणून कोणी घेऊन गेलं.
समुद्र त्यानं पाहिला असेल का, मला शंकाच आहे.
भट्टी तळात असते.
सोलापुरातून निघून तो
सोलापुरापेक्षा गरम जागी गेला, एवढंच.
घरात त्याच्याविषयी एकच वाक्य होतं,
आत्या म्हणायची, कांडी भरताना, मान वर न करता :
पोयिनोडु पोयिंडु.
गेलेला गेला. मराठीत ते इतकं कोरडं होत नाही.

मी ग्राफचा कागद पसरला.
तोफेला बारा चौकोन, धुराड्याला चाळीस.
धुराला किती ते कोणी सांगत नाही, धूर मनानं काढायचा.
समुद्राचा रंग विचारला तर शेठ म्हणाला,
डायहाऊसमागच्या नाल्याचा घे.
घेतला. साहेबांना पसंत पडला.

मागावर चित्र खालून वर येतं.
आधी पाणी. तीनशे कार्डं नुसतं पाणी.
अंबादास वैतागला, "जहाज हाय का न्हाई ह्यात?"
मग कड आली, गोल खिडक्या, तोफा, सगळ्यात शेवटी डोलकाठी.
अकरा मिनिटांत गेलं ते
पावणेदोन तासांत वर आलं,
वीज टिकली म्हणून.

नाव घालायचं मनात होतं.
चौकोन मोजले, पाण्यात जागा भरपूर होती.
पण नागय्या अंगठा लावायचा.
अंगठा कुठल्या लिपीत काढू?

मग एवढंच केलं :
धुराड्याच्या बरोब्बर खाली, पाण्याच्या रेघेच्याही खाली,
सलग वीस कार्डांत एक भोक पाडलंच नाही.
पुढून कळत नाही.
मागून एक धागा सुटा राहतो, बोटभर,
प्रत्येक नगात, त्याच जागी.

एकशेसाठ नग बोटीनं रवाना झाल्यावर
दस्तगीर तपासनीसाच्या नखाला तो लागला.
"फॉल्ट," तो म्हणाला, चष्मा कपाळावर सारून,
"आणि तुझ्या हातून?"
मी सुईत दोरा ओवत राहिलो.
उरलेले चाळीस सेकंडमध्ये गेले,
त्यांचा फरक माझ्या पगारातून.

गड्ड्याच्या जत्रेत ते जमिनीवर मांडून विकले,
भाकरीच्या तव्यांशेजारी, अडीचशे सांगून दोनशेला.

आता कधी होटगी रोडला, कधी बाळ्यात
कोणाकडे चहाला गेलो की थॉर्नवेल भेटतं,
टीव्हीच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्यालाच टांगलेलं.
"आगबोट आहे," यजमान सांगतात, "कोकणातली असेल."
असेल, मी म्हणतो.
ते साखर आणायला आत वळले
की चौकट भिंतीपासून जराशी उचलतो,
मागे बोट घालून चाचपतो.

असतो.