डावीकडचा मागचा

लिएपायात नोव्हेंबरचा वारा
पत्ता विचारत बसत नाही.
माझ्यामागोमाग तोही चौथा मजला चढला,
आणि दार लावता लावता विस्वाल्दिस म्हणाले,
"खोली अडनिडी आहे, मादारा. हसू नकोस."

हसण्याजोगी नव्हतीच.
पाच भिंती. पाचवी कुठून उपटली
ते बांधणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.
उजव्या कोपऱ्यात छताला भिडलेली
हिरव्या टाइल्सची जुनी भट्टी,
डावीकडे दार, तेही आत उघडणारं,
सोफा मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला,
आणि छत एका अंगाने इतकं उतरलेलं
की त्या बाजूला उंच माणसाने
नम्रच राहावं.

टेप लावली. तीन मीटर चाळीस.
पुन्हा लावली, तीन बेचाळीस.
"थंडीत आकसते," ते म्हणाले,
चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

त्यांना हवे होते भारदस्त, लाकडी,
दुकानाच्या काचेत मागच्या आठवड्यात पाहिलेले.
मी म्हटलं, कानापासून वीतभर अंतरावर
असला स्पीकर म्हणजे
मांडीला मांडी लावून ओरडणारा पाहुणा.
स्टँडवर ठेवावेत, तर दार उघडलं की आडवे.
छतात बसवावेत, तर वर पत्रा, आणि पत्र्यावर
सीगल पक्ष्यांची रोजची भांडणं.
भट्टी हलणार नाही.
भट्टीवरचं नेचाचं झाड तर
त्याहून हलणार नाही, हे स्कायद्रीतेंनी
स्वयंपाकघरातूनच कळवलं.

मग मी पिशवीतून दोन तोंडांचे काढले.
एक तोंड पुढे बोलतं, एक मागे,
बसलेल्या माणसाकडे कोणीच बघत नाही.
आवाज भिंतींना शिवून शिवून येतो,
कुठून आला ते सांगता येत नाही,
आला एवढं मात्र खरं.
"आमच्या जिन्यातल्या बातम्यांसारखा,"
मासा कापता कापता स्कायद्रीते.

डोक्याच्या वर दोन फूट, बाजूच्या भिंतींवर,
हळू आवाजात. कानामागून आलेल्याने
तिखट व्हायचं नसतं,
निदान आमच्या धंद्यात.

हे सगळं मी त्यांच्या डावीकडून सांगत होते.
ते पडद्याच्या जागेकडे बघत राहिले.
मग मी उजवीकडे गेले
आणि पहिल्यापासून सांगितलं.

एकतीस वर्षं बंदरात क्रेन,
केबिनमध्ये इंजिन डाव्या हाताला.
हे त्यांनी नाही सांगितलं.
भिंतीवर फोटो होता,
मी फक्त बाजू पाहिली.

घरी जाताना वहीत लिहिलं: चारच पुरतील,
एकशे साठ युरो वाचतील.
मग ते खोडलं. पुन्हा लिहिलं.
कागद फाटला तिथे.
दुसऱ्या दिवशी फोन आला, त्यांचाच:
"डावीकडचा मागचा
जरा चांगल्यातला दे.
ती त्या बाजूला बसते."

शनिवारी वायर गालिच्याखालून नेली,
दाराच्या चौकटीला वळसा घालून,
भट्टीपासून हातभर लांब, कारण तापलं तर
वायर वितळेल आणि बोल मला लागतील.
मग चाचणी. यंत्र पाळीपाळीने
एकेका स्पीकरमधून नुसतं श्श्श करतं,
जणू खोलीत कुणी बाळ निजवतंय.

पुढचा डावा.
मधला.
पुढचा उजवा.
मागचा उजवा, इथे ते चक्क दचकले
आणि भट्टीकडे वळून बघायला लागले.

मग खोली त्यांच्यापुरती गप्प झाली.
ते सोफ्यावर, हात गुडघ्यांवर,
पडदा नाही, भिंत नाही, स्पीकर नाही,
बायकोच्या तोंडाकडे बघत.
स्कायद्रीतेंच्या हातात सुरी तशीच,
खवलं चिकटलेली,
डोळे हळूहळू वर चढले, डावीकडे,
दाराच्या वर, जिथे मी सकाळी
दोनदा भोक चुकवलं होतं.

"वाजतोय," विस्वाल्दिस म्हणाले.
मी यंत्र बंद केलं नाही लगेच.