काय

मिरकरवाड्याला मी कोळंबी तोलतो.
टांगता काटा, ॲल्युमिनियमचं घमेलं.
खालून अंगठा हलकेच टेकवला
की किलोमागे पन्नास ग्रॅम वाऱ्यावर जातात.
कुणी शिकवलं नाही.
बंदरावरच्या पोरांना पोहणं येतं, तसंच
बघून बघून आलं.

अंतोणीमुत्तू तूत्तुकुडीचा,
आमच्या 'जलपद्मा'चं इंजिन बघतो.
मराठी त्याला चार वाक्यांपुरती:
डिझेल संपलं. उद्या देतो. चहा सांग.
चौथी शिवी, तीही नेहमी चुकीच्या माणसाला.

संध्याकाळी जाळी वाळत असताना
त्याच्या मोबाइलमधून एक जुनं गाणं येतं,
त्याच्या बापाने तंबूतल्या सिनेमात ऐकलेलं.
गाणारा रागवत नाही,
पण उठूही देत नाही.
आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी विचारतो,
काय? काय? काय?

मला वाटायचं, तेच ते.
काय मिळवलंस, काय नेशील.
आमच्याकडेही शनिवारी भजन असतं,
ते ऐकत मी हिशेब लिहितो,
एक पैसा चुकत नाही.

गेल्या पौषात मात्र चुकला.
नव्या नोटा, चिकटलेल्या;
त्याच्या पाकिटात दोन हजार जास्त गेले.
धक्का ओलांडून तो परत आला,
गुडघ्यापर्यंत ओला, खिशात गाणं चालूच.
नोटा टेबलावर ठेवल्या,
उडू नयेत म्हणून वर एक बोल्ट.
म्हणाला, "चहा सांग."

मी वही उघडली.
जमा? नावे? अनामत?
त्या दोन हजारांना रकाना सापडेना.
शेवटी चहाचे वीस लिहिले, किरकोळ खर्चात.

मग विचारलं,
हा बाबा सारखा काय काय करतो, विचारतो तरी काय?
तो हसला. "विचारत नाय."
स्वतःचा पंजा माझ्या नाकासमोर धरला,
ग्रीसने रेषा काळ्या झालेला.
"कै. हात. तमिळमधी हात."

मोडक्या हिंदीत, बोटांनी, बशीवर रेघा ओढत
त्याने सांगितलं ते असं:
सिनेमात एक गाडीवान आहे,
रात्री बैल सोडून जमिनीवर आडवा होतो,
आणि म्हणतो, बाबा रे,
दिवसभर हाताला जपून वापर,
रात्री तोच उशाला घ्यायचा आहे.
"बस?"
"बस. मग व्हायोलिन."

त्या रात्री मी उशी घेतली. दोन घेतल्या.
कुशी बदलत राहिलो.

रोज जमतं असं नाही, खोटं कशाला सांगू.
पण दुसऱ्या दिवशी सकाळी
गुणावैनीची पाटी घमेल्यात ओतली,
आणि अंगठा खिशात घातला.
हात इतका मोकळा वाटला,
जसं चप्पल विसरून घराबाहेर पडावं.

काटा हलला, थांबला,
नेहमीच्या जागेच्या जरा पुढे.
गुणावैनीने वाकून बघितलं.
पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं.
मग माझ्याकडे, वीस वर्षांच्या संशयाने:
"काटा बिघडला काय रं?"