बारा वळकट्या हिरवळ

पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे:
हिरवळ, कृत्रिम, वापरलेली, वळकट्या बारा,
मोजून घेतल्या.
आयोवातल्या एका बुडालेल्या संघाच्या होत्या त्या.
डेल ब्रुनिंगने उधारीवर आणल्या,
स्वतःच्या गाद्यांच्या ट्रकमधून.
दुकान त्याचं, संघ त्याचा,
दोन्हींची वही माझ्याकडे, दर मंगळवारी.

मार्चमध्ये हॉकीच्या बर्फावर प्लायवूड टाकलं,
प्लायवूडवर हिरवळ. गारठा तळव्यांतून वर यायचा.
बरोब्बर मधोमध त्या मेलेल्या संघाचा गवा,
लाल, मान खाली घातलेला.
त्यावर पांढरा रंग फासला,
पांढऱ्यावर रेल्वेचा कंदील.
गेल्सबर्ग लँटर्न्स.
गावात रूळ तरी होते अजून.
फ्रिजचा कारखाना कधीच बंद पडला होता,
आणि फ्रिज कोण काढणार छातीवर?

पन्नास यार्ड, आठास आठ,
कडेच्या भिंतींना डेलच्याच दुकानातला फोम.
या खेळात बाहेर जायला जागाच नाही:
भिंतीत जा, नाहीतर पहिल्या रांगेतल्या कुणाच्या मांडीवर.
ट्रेव्हन हॉब्स मिसेस ओल्कॉटच्या नाचोजवर दोनदा कोसळला.
दुसऱ्यांदा तिने ताट आधीच उचलून धरलं होतं.

पहिला मोसम: जिंकले एक, हरले अकरा.
ज्या रात्री जिंकले
त्या रात्री पाहुण्यांची बस पिओरियाला बंद पडली,
नऊच जण पोचले, दोन गाड्यांत कोंबून.
एक्केचाळीस–चाळीस.
प्रेक्षक चारशे बारा, पैकी फुकट पास एकशे नव्वद.
डेल म्हणाला, पहिला आकडा पुरे होता.

खेळाडूला पंचाहत्तर डॉलर, जिंकल्यास शंभर.
पाकिटं मी वाटायचे, शॉवरच्या वाफेत, नजर वहीत ठेवून.
ट्रेव्हन ओल्या बोटांनी सही करी
आणि तसाच गोदामात, रात्रपाळीला.
एकदा घोटा भोपळ्याएवढा सुजला.
विचारलं, डॉक्टरचं बिल कुठल्या खात्यात टाकू?
म्हणाला, किरकोळ.

दुसऱ्या मोसमात चार जिंकले
आणि मे महिन्यात रंगातून शिंगं वर आली,
कंदिलाच्या दोन्ही अंगांनी,
आधी गुलाबी, मग सरळ लाल.
पुन्हा रंग, एकशे चाळीस डॉलर.
पुन्हा शिंगं.
मग पोरंच म्हणाली, राहू द्या.
मैदानात उतरताना जो तो
डाव्या शिंगावर बूट घासून जाऊ लागला.

तिसऱ्या मोसमात सात.
शेवटच्या सामन्याला अकराशे तीन माणसं, तिकीट काढून.
मी बेरीज पुन्हा केली,
हातचा कुठे दोनदा धरला की काय म्हणून.

ऑगस्टमध्ये डेलने गाद्या विकल्या, मग संघ.
संघ म्हणजे काय? हेल्मेटं, फोम, हिरवळ.
इंडियानाहून एक पोरगा आला, नव्या संघाचा.
मधल्या वळकट्या उलगडून बराच वेळ बघत राहिला.
हे नेमकं काय आहे, म्हणाला.
मी म्हटलं, रंगाचे दोन हात द्या.
याहून जास्त काही सांगितलं नाही.

ट्रेव्हन वळकट्या खांद्यावरून ट्रकपर्यंत नेत होता,
टोकांतून रबराचे काळे दाणे गळत होते.
शेवटची नोंद: विकल्या वळकट्या अकरा.
बारावीचे तीनशे वीस डॉलर
मी माझ्या फीमधून वजा केले.
ती गोलरेषेकडची होती.
आता ट्रेव्हनच्या मागच्या अंगणात आहे, नळाखाली.
त्याच्या मुली तिच्यावर पोटावर घसरतात,
आणि त्यांच्या आईला
मोज्यांत, उशांत, कधी डाळीतसुद्धा
दाणे सापडतात अजून.
खातं: किरकोळ.