सोळा पोरांचं डिझेल

आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट,
आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या बंडीत.
म्हणून हायड्रोकार्बन मी अंगणात शिकवतो,
निंबाखाली, चिंचोके वाटून.

एक पोरगा एकटा, मुठीत चार चिंचोके:
हा मिथेन, येंडेंच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसमधला.
चौघं हात धरून: सिलिंडर.
आठ जण: पेट्रोल.
सोळा जण म्हणजे डिझेल,
आणि सोळा जणांची रांग वळायला जड जाते
हे मला सांगावं लागत नाही,
हापशीला वळसा घालताना त्यांचं त्यांनाच कळतं.

मग सातवी आली. सहावी आली.
खिचडीवाल्या दुर्गाबाईही पदराला हात पुसत रांगेत शिरल्या,
आणि कोणालाच हलता येईना.
"सर, हे काय झालं?"
हे डांबर. आपल्या आर्वी रोडचं.
"तो तं उखडला नं, सर."
त्यात डांबराचा दोष नाही, म्हटलं,
आणि पुढचं गिळलं.

माझा बाप इंजिनं दुरुस्त करायचा,
धामच्या काठावरची, पाच हॉर्सपॉवरची.
संध्याकाळी बादलीत हात बुडवायचा
तर पाणी त्याला शिवायचंच नाही,
थेंब मनगटावरून गरंगळून जायचे
अळूच्या पानावरून जावेत तसे.
"आंधी रोकेल आन," तो म्हणायचा,
"तेल तेलाचंच आयकते."
रोकेलनं ग्रीस सैल व्हायचं.
पण मग रोकेल जाईना.
मग माय रिठे कुस्करायची.

आता तेच पोरांना दाखवतो:
औषधाच्या बाटलीत पाणी, वर बोटभर निंबोळीचं तेल.
हलवा.
हलवली. ठेवली. शंभर मोजेस्तोवर
तेल वर, पाणी खाली, जसेच्या तसे.
"मिसयतच नाई, सर."
आता रिठ्याचा फेस टाका.
बाटली दुधासारखी होते
आणि कोणी काही बोलत नाही.

साबण कसा असतो, ते पुन्हा रांग लावून.
यावेळी टोकाला मंजुळा पुसाम,
घरी गोंडी बोलणारी, शाळेत वऱ्हाडी,
गणिताच्या तासाला कोणतीच नाही.
तिचा एक हात रांगेत, दुसरा टाक्याच्या पाण्यात.
रांगेला तेल आवडतं, हाताला पाणी.
तेलाच्या थेंबाभोवती अशा शेकडो रांगा,
शेपट्या आत, हात बाहेर;
थेंबाला थेंब भेटू देत नाहीत.
(रिठ्याची घडण वेगळी असते. काम हेच.
एवढं मी दहावीत सांगेन.)

"सर, दोन घरचा पाहुणा तं उपाशी राह्यते म्हनतेत."
हे कोण बोललं ते पाहीपर्यंत
मंजुळानं ओला हात झटकला, बोलणाऱ्याच्या तोंडावर,
आणि तास तिथंच संपला.

बापाची बादली शेवटी करडी व्हायची,
ना पाण्याची, ना तेलाची.
माय ती झाडाला घालू द्यायची नाही,
उकिरड्याच्या पलीकडे ओतायची.
हात कोपरापर्यंत उजळायचे.
नखांच्या कडेला मात्र
तीस-पस्तीस जणांची एक बारीक काळी रांग
हात न सोडता बसलेली असायची.
ती रिठ्याला कधी सापडली नाही.
त्या हातानंच तो भाकर मोडायचा.

उद्या चिंचोके मोजून परत घ्यायचे आहेत.
आज सतरा कमी भरले.
दुर्गाबाई म्हणतात, पोरांनी भाजून खाल्ले.