भांगाचा शनिवार

चॅटमच्या स्वयंपाकघरात टेबलावर मेडवे नदी पसरलीय,
एका टोकाला मिठाची बरणी, दुसऱ्याला आबांचा चष्मा.
रॉचेस्टरच्या धक्क्यावरून साडेदहाला,
म्हणते फोनवरची मॉरीन, पाणी असेल तर.
'असेल तर' ती दोनदा म्हणते.

मी लिहून घेते: तिकिटं तीन, ज्येष्ठांना सवलत,
बोटीवर संडास एकच, जिना उभा.
दशम्या. लिमलेटच्या गोळ्या.
आबांची कानटोपी, जुलै असला तरी.

आबा भरतीचं वेळापत्रक हातभर लांब धरतात, ठेवून देतात.
एकतीस वर्षं जयगडच्या खाडीत तर चालवलेला माणूस
बोटांच्या पेरांवर तिथी मोजतो:
शनिवारी अष्टमी. भांग.
पाणी धड चढायचं नाही, धड उतरायचं नाही,
गाळात रुतायची नाही तुझी बोट.

मी नकाशावर किल्ल्यांना गोल करते.
रॉचेस्टरचा: तीन बुरूज चौकोनी, चौथा वाटोळा,
पडलेला पुन्हा बांधताना कुणाचं तरी मन बदललं.
अपनोरचा: नदी अडवायला बांधला,
आणि डच गलबतं त्याच्यासमोरून गेलीच.

"किल्ला पाण्यातून बघायचा?" आबा म्हणतात,
"म्हणजे शत्रूच्या बाजूनं."
मग बराच वेळ गप्प.
जयगड त्यांनी असाच बघितला, रोज बारा खेपा.
आत गेले एकदाच,
आईला विहीर दाखवायला.

"मला पुढे बसव," शेवटी म्हणाले, "नांगराशेजारी.
आणि विचार त्या बाईला,
सुकाणूवर कोण असतं."